पतंगाचा फ्यूज

मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांत म्हणजे तीन दिवस मुक्काम गच्चीवर! हातात आसारी, गल्लीत ढोल-ताशा आणि दर दोन मिनिटांनी "वकाट!" अकरावीत असताना मी गुलाबी नायलॉन मांजा आणला. त्या वर्षी माझा पतंग कोणालाच काटता आला नाही. काय ऐट होती माझी!

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, घरामागच्या कडुनिंबावर एक घार लटकलेली दिसली. शिडी लावून सोडवली. दोरा पंखात हाडापर्यंत रुतला होता. दुसऱ्या दिवशी ती मेली. दोरा गुलाबी होता. माझाच असेल असं नाही. पण माझा नव्हताच, असंही मला म्हणता येत नाही.

इथे येऊन पॉलिमर शिकलो तेव्हा कोडं सुटलं. सुती दोरा ऊन-पावसात कुजतो, नायलॉन वर्षानुवर्षं झाडावर तसाच राहतो. तो सहजी तुटत नाही, म्हणून पंख कापतो, कधी दुचाकीवाल्याचा गळासुद्धा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी चोरून मिळतोच.

मित्रहो, फर्स्ट इयरला फ्यूज शिकलो ना आपण? सर्किट वाचावं म्हणून तो आधी जळतो. काच न लावलेला साधा सुती दोरा म्हणजे पतंगाचा फ्यूज. जोराचा झटका बसला की आधी तोच तुटतो!

"मग मजा काय उरली?" रूममेट विचारतो. खरं सांगू? मजा वाढली! आता वारा ओळखावा लागतो. ढील कधी द्यायची, कधी खेचायचं, हे हाताला कळावं लागतं. तेव्हा जिंकत होता तो मांजा, मी नुसती आसारी धरून उभा होतो! मागच्या संक्रांतीला सात पतंग गमावले, दोन काटले. ते दोन अजून आठवतात. दुपारी एक घार पतंगाजवळून घिरट्या घालत गेली, आणि माझ्या पोटात गोळा आला नाही. संध्याकाळी पक्षी परतायच्या आत पतंग उतरवले आणि धाकट्या भावंडांना घेऊन झाडांवरचा दोरा काढला. पिशवीभर निघाला.

अहिंसा म्हटलं की वाटतं, आता काहीतरी सोडावं लागणार. मी सोडलं फक्त एक रीळ.

येत्या संक्रांतीला येवल्याला या. आसारी माझी, हरायची तयारी तुमची!