शोधण्याचे पैसे

‘गॅस संपलाय’ हे वाक्य खोटं आहे. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉईल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद वाटेनं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. जुन्या रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे मान्य. पण चार महिन्यांत थंडावा गेला, तर ती सरळसरळ गळती.

राहुरीत आमच्याकडे 2009 सालची हॅचबॅक आहे. वडिलांना दमा. मे महिन्यात त्यांना नगरला डॉक्टरांकडे न्यायचं, तर नगर-मनमाड रोडच्या धुळीत काच उघडता येत नाही आणि बंद काचेआड एसीशिवाय बसवत नाही. त्यामुळे ‘एसी म्हणजे चैन’ हे मला ऐकवू नका.

दोन उन्हाळ्यांत आम्ही तीनदा गॅस भरला. कुठून जातोय, हे मी एकदाही विचारलं नाही. मी, मेकॅनिकलची पदवी घेतलेला! रेफ्रिजरेशन सायकलची आकृती काढून मार्क मिळवले आणि कॅम्पसमधून आयटीत गेलो. तिथे सर्व्हर वारंवार पडला आणि कुणी नुसता रिस्टार्ट करत बसला, तर आम्ही त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो. मूळ कारण शोधण्यात आठवडा गेला, तरी माझा पगार कापला जात नाही.

आपल्याकडे सगळं खापर मिस्त्रीवर फोडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. चौथ्या वेळी मी दुसऱ्या गॅरेजात गेलो आणि विचारलं, “मामा, लीक शोधायचे किती घ्याल?” ते हसले. “शोधायचे कोण देतं, दादा? पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पैसे देतं. दोन तास शोधलं आन रबराची रिंग निघाली, की म्हणतं, एवढ्याशा रिंगचे एवढे?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते गिऱ्हाईक मीच होतो.

मामांनी आधी बोनेटमध्ये नुसतं पाहिलं. कंडेन्सरच्या एका जोडावर तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं आणि गळतीतून तेही बाहेर येतं. म्हणजे नुसता गॅस भरत राहिलं, तर एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो आणि मग खरा खर्च कळतो. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावलं, तसे त्याच जोडावर बुडबुडे आले. ओ-रिंगा बदलल्या, ड्रायर बदलला, व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवून आतली हवा नि ओल काढली आणि मग गॅस काट्यावर मोजून भरला. आधीच्या तीन वेळी काटा मी पाहिलाच नव्हता.

आता हवेत गेलेल्या गॅसचा हिशेब. या वयाच्या गाड्यांत असतो तो आर-134ए. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट. 400 ग्रॅम सुटला, तर जवळपास 240 लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. दिवाळीत फटाके नकोत म्हणून स्टेटस ठेवणारा मी. किगाली करारानुसार भारताला 2032 पासून अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्यानं घटवायचाय. तेव्हा तो महागला, तर झळ जुन्या गाडीवाल्यालाच बसणार.

“एवढी जुनी गाडी, विकून टाक ना,” असं पुण्यातले मित्र म्हणतात. विकल्यावर ती गळायची थांबेल का? दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गळेल, आणि मी नव्याचे हप्ते भरत बसेन.

मामांनी बिल केलं : ओ-रिंग, ड्रायर, गॅस, मजुरी. “मामा, शोधायचे दोन तास राहिले,” मी म्हणालो. ते म्हणाले, “ते कशात लिहू?” पावतीपुस्तकात तसा रकाना नव्हता. शेवटी खाली पेनानं वेगळी ओळ लिहिली.