दोघेही जिवंत असताना

वार्धक्यावरील साहित्य वाचताना एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानात आली. निमित्त झाले ते अमेरिका-कॅनडातील एका अगदी सामान्य दृश्याचे. निवृत्त नवरा-बायको, त्यांचे चाकांवरचे घर आणि उन्हाळा. तिकडे ज्यास आरव्ही म्हणतात ते वाहन म्हणजे ओटा, पलंग, न्हाणीघर असे सारे पोटात घेऊन हिंडणारे बिऱ्हाडच. अशी बिऱ्हाडे जेथे ओळीने मुक्काम ठोकतात, ते आरव्ही पार्क.

मिशिगन, मिनेसोटा किंवा ओंटारिओ येथील सरोवरांकाठी मे महिना लागला की ही मंडळी येऊन दाखल होतात. पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तीन जोडण्या केल्या, कापडी छप्पर बाहेर ओढले, की संसार मांडून झाला. पुष्कळांच्या दाराशी लाकडी पाटी असते, तीवर आडनाव आणि मूळ गाव. सकाळी पायी फेरी, मग पिकलबॉल. (हा खेळ १९६५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जन्मला, साठी उलटलेल्या गुडघ्यांनी तो आपलासा केला हे आश्चर्य नव्हे.) दुपारी होडी किंवा गळ, एखाद्या संध्याकाळी प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेली पंगत, रात्री शेकोटी. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतले पाणी काढून टाकावे लागते. तेव्हा हा उन्हाळा संपतो आणि ज्यांना जमते ते ॲरिझोना वा फ्लोरिडाची वाट धरतात.

आता हे जोडपे साहित्यात आणि चित्रपटात शोधू गेल्यास काय आढळते? जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रकृती बरी नसताना, ट्रकवर बांधून घेतलेल्या घरातून देश पाहण्यास निघाला. त्याचे पुस्तक १९६२ मध्ये आले. गाडीचे नाव डॉन किहोटेच्या घोड्यावरून ठेवलेले, सोबत चार्ली नावाचा कुत्रा. त्या प्रवासातील बराच काळ पत्नी एलेन त्याच्याबरोबर होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. पुस्तकात मात्र ती मोजक्याच ठिकाणी डोकावते. कुत्रा वाङ्मयीन ठरला, बायको ठरली नाही! २००२ च्या 'अबाउट श्मिट' या चित्रपटात निवृत्त नायकाच्या दाराशी पस्तीस फुटी आरव्ही उभी राहते, पण पत्नी कथेच्या आरंभीच मरते आणि तो एकटा निघतो. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या 'नोमॅडलँड' या वृत्तान्तावरून क्लोई झाओ यांनी २०२० मध्ये चित्रपट केला. त्यास ऑस्कर मिळाले. त्यातील फर्न विधवा आहे. मायकल झडोरियन यांच्या २००९ च्या 'द लेझर सीकर' या कादंबरीत दोघेही आहेत, हे खरे. तिला कर्करोग आणि त्यास स्मृतिभ्रंश; जुन्या गाडीतून ती डिस्नेलँडला जातात आणि शेवटी ती दोघांच्याही वतीने मरणाचा निर्णय घेते. चाकांवरच्या घरात सुखी जोडपे आम्हास सापडले ते १९५४ च्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या विनोदी चित्रपटात. ते अर्थात नवविवाहित आहे.

आपल्याकडे वेगळे काही नाही. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मध्ये कावेरी आधी जाते. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त एक मुलगा अमेरिकेत आहे आणि अखेरीस आईवडील आपणहून जीवन संपवतात. तो दिवाणखाना आणि अमेरिकन महामार्गावरची ती जुनी गाडी यांचा शेवट एकाच ठिकाणी व्हावा, हा आम्हास निव्वळ योगायोग वाटत नाही. या कृती श्रेष्ठ आहेत की नाहीत हा येथे प्रश्न नव्हे. दोन अत्यंत भिन्न समाजांतील लेखकांना म्हातारे जोडपे जिवंत आणि धडधाकट असताना त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही दिसू नये, हे आम्हास खटकते. आम्ही शिक्षकही या दोषातून सुटत नाही. 'साहित्यातील वार्धक्य' या विषयावर निबंध मागवला की विद्यार्थी एकाकीपणा, उपेक्षा, मृत्यू ही तीन शीर्षके घालतात आणि आम्ही त्यांना चांगले गुण देतो.

सुखाला कथा नसते, असे यावर उत्तर मिळेल. आम्ही ते मान्य करीत नाही. आरव्हीची रुंदी साधारणपणे साडेआठ फुटांपलीकडे जात नाही. पस्तीस-चाळीस वर्षे नोकरीने दिवसाचे आठ-दहा तास ज्यांना एकमेकांपासून दूर ठेवले, ती दोन माणसे आता या साडेआठ फुटांत राहणार. त्यासाठी पुष्कळांनी घर विकलेले असते. घर विकताना कोणी काय टाकले, कोणाचे कपाट गेले आणि कोणाची हत्यारांची पेटी राहिली, गाडी मागे घेताना हातवारे करणाऱ्या पत्नीचे चालक नवऱ्याने ऐकले की नाही, एकाला रागावून उठून जावेसे वाटले तर जायचे कोठे? चाळीतल्या एका खोलीत संसार पाहिलेल्या मराठी वाचकास यातील नाट्य समजावून सांगण्याची गरज नसावी. फरक एवढाच, की येथे ती अडचण दोघांनी उतारवयात हौसेने पत्करली आहे. अडचण निवडून घेणारे म्हातारे आपल्या साहित्यात किती आहेत?

हे पाहण्याची दृष्टी साहित्यिकांआधी मानववंशशास्त्रज्ञांना आली. डॉरोथी आणि डेव्हिड काउन्ट्स या पतिपत्नींनी पापुआ न्यू गिनीतील समाजांचा अभ्यास केला होता. पुढे ती दोघे स्वतःच आरव्हीत राहू लागली आणि १९९६ मध्ये त्यांनी या निवृत्त भटक्यांवर पुस्तक लिहिले. नवागतास गाडी लावण्यास हात देणे, अन्न वाटून खाणे, या देवघेवीतून अनोळखी माणसे शेजारी कशी होतात, हे त्यांनी दाखवले. ज्यांचा शेजार दर काही आठवड्यांनी बदलतो त्यांना तो दर वेळी नव्याने घडवावा लागतो. हा कादंबरीचा ऐवज नव्हे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सुख निवृत्तिवेतनाचे, चांगल्या किमतीस विकल्या गेलेल्या घराचे आहे. ब्रुडर यांच्या पुस्तकात २००८ च्या मंदीनंतर घरे गमावलेली साठी-सत्तरीची माणसे उन्हाळ्यात अशाच तळांवर राबतात, शौचालये धुतात, शेकोट्यांची राख काढतात. शेकोटीभोवती बसलेले जोडपे आणि सकाळी ती राख काढणारी बाई एकाच वयाची असू शकतात. परंतु यावरून जोडप्यास वगळावे असे ठरत नाही. लेखकाने त्यांना त्याच पानावर आणावे, समोरासमोर बोलू द्यावे. आज एका पुस्तकात राख काढणारी बाई आहे आणि शेकोटीपाशी बसलेली माणसे केवळ जाहिरातीत. 'नोमॅडलँड'चे मोल आम्ही जाणतो. तरी केवळ दारिद्र्य किंवा वैधव्य आल्यावरच म्हातारी व्यक्ती पडद्यावर येण्यास पात्र ठरते, ही सवय त्याने मोडली नाही.

अंतापासून पळा, असेही आमचे म्हणणे नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या संस्थेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे एक केंद्र उभारले. वय वा आजार यांमुळे ज्यांना गाडी हाकता येईनाशी होते, त्यांनी तेथे कायमचा तळ ठोकावा, राहावे मात्र आपल्याच गाडीत. दिवसा देखभाल आणि जेवण केंद्राचे. एकाचे चालणे थांबले आहे आणि दुसरा अजून हिंडू शकतो, अशा जोडप्याची तेथील एक सकाळ आम्हास वाचावयाची आहे. ती चाके न फिरणारी गाडी, दारावरची ती गावाचे नाव लिहिलेली पाटी, आणि पाटीवर आता कोणते गाव लिहायचे यावरून दोघांत चाललेला वाद.