मृग लागला, पण दिसतो कुठे?

विद्यार्थिमित्रांनो, ७-८ जूनच्या सुमारास वडीलधारी मंडळी म्हणतात, “मृग लागला, आता पाऊस येणार!” पण त्या रात्री आकाश निरभ्र असले, तरी मृग नक्षत्र तुम्हांला सापडणार नाही. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात आला. मृगाचे तारे तेव्हा सूर्याबरोबरच उगवतात आणि मावळतात. हे तारे पाऊस पाडत नाहीत; पृथ्वी आपल्या कक्षेत कोठे पोहोचली, एवढेच ते सांगतात.

डिसेंबरच्या मध्यास पृथ्वी कक्षेच्या दुसऱ्या बाजूस असते. तेव्हा मृग सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो व रात्रभर दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो रात्री आठलाच आकाशात उंच आलेला असतो, तर एप्रिलअखेर त्याच वेळी पश्चिमेला कललेला असतो.

असे का होते? पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. पण तेवढ्या वेळात ती कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे सरकते. म्हणून सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यासाठी तिला आणखी सुमारे चार मिनिटे फिरावे लागते. आपली घड्याळे सूर्याच्या हिशेबाने चालतात. म्हणून तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात. पंधरवड्यात एक तास, महिन्यात दोन, वर्षात चोवीस!

परिवलन आणि परिभ्रमण यांच्या व्याख्या आपण पाठ करतो, आकृती काढतो, गुण मिळवतो. वर मात्र पाहत नाही. माझ्या मते, स्वतःच्या निरीक्षणाचे एक पान वहीत असल्याशिवाय या धड्याचे गुण देऊच नयेत. शहरातील दिव्यांची सबब येथे चालणार नाही. मृगातील बाणाचे तीन तारे शहरातूनही दिसतात. ठरलेल्या जागी उभे राहा. त्यांतील एक तारा समोरच्या इमारतीच्या कडेआड कधी जातो, ती वेळ लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा.

एखादा विद्यार्थी विचारील, “गुरुजी, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानले, तरी हेच दिसेल ना?” शिक्षकांनो, त्याला गप्प बसवू नका. त्याचे म्हणणे बरोबर आहे! पृथ्वी जागा बदलते म्हणून जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकलेला दिसतो. हे सरकणे बेसेलने १८३८ मध्ये मोजले. ती गोष्ट त्याला सांगा. असा प्रश्न पाठांतरातून सुचत नाही. तो आकाशाकडे पाहणाऱ्यालाच सुचतो.