परमुलखची खूण

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडूं लागल्या म्हणजे कोलशेतच्या नव्या वसाहतींत दिवाळीच्या फराळासारखी एक देवघेव सुरू होते. युरोपची सहल करून आलेलीं कुटुंबें शेजाऱ्यांकडे व आप्तांकडे भेटी पोंचवितात. कोणाला चॉकलेट, कोणाला किल्ल्या अडकविण्याचें कडें, आणि पुष्कळांना वीतभर उंचीचा आयफेल मनोरा. मूळ मनोरा १८८९ सालीं पॅरिस येथें उभा राहिला आणि तेथें तो एकच आहे. कोलशेतच्या काचेच्या कपाटांतून मात्र त्याच्या प्रतिमांची गणती करणें कठीण. जिज्ञासूनें आपल्या घरचा मनोरा उलटा करून त्याचा तळ पाहावा. तेथें बहुधा चीन देशाचें नांव आढळेल.

पूर्वीं काशीहून परतलेला मनुष्य गंगेचे गडू आणि काळे गंडे आणीत असे, पंढरीहून आलेला बुक्का आणीत असे. वस्तु दोन पैशांची. पण ती ज्या क्षेत्राची म्हणून दिली जाई, त्या क्षेत्राचीच असे. गडूंतलें पाणी गंगेचें नाहीं असें कोणीं सांगितलें असतें, तर तो गडू देवघरांत एक क्षणहि राहिला नसता. परदेशच्या भेटीला मात्र ही कसोटी आपण लावीत नाहीं. "पॅरिसहून आणलें" आणि "पॅरिसचें आहे" या दोन वाक्यांतला भेद शाळेंतल्या मुलालाहि समजावा असा आहे. तरी खरेदीच्या वेळीं थोरामोठ्यांनाहि तो सुचत नाहीं.

चिनी मालाविषयीं आम्हांला द्वेष नाहीं. कालिदासानें शाकुंतलांत चीनांशुकाचा उल्लेख केला आहे, तेव्हां चीनचें वस्त्र आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानाचें आहे. परंतु तें चीनचें म्हणूनच विकलें जाई आणि चीनचें म्हणूनच नेसलें जाई. दोष मालाच्या जन्मभूमींत नाहीं. दोष त्याला दिलेल्या खोट्या कुळांत आहे.

आपल्या या खाडीकांठीं तर ही गोष्ट सर्वांच्या आधीं कळावयास हवी. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें कल्याण बंदरांतून जाणाऱ्या मालांत तांबें-पितळ, शिसवी लांकूड व कापड यांची नोंद केली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या वृत्तांतांत ठाण्याचें कातडें आणि सुती कापड वाखाणलेलें आहे. म्हणजे परदेशीय प्रवासी येथें येऊन विचारीत, "तुमच्या गांवचें काय?" आणि गांवाजवळ त्याचें उत्तर होतें. आज कोलशेतच्या कांठावरून पलीकडे काल्हेरचीं गुदामें दिसतात. त्यापुढें भिवंडींत यंत्रमागांचा खडखडाट चालतो. आपण रात्रंदिवस मालाच्या शेजारीं राहतों. परंतु कोणता माल कोणाच्या हातचा, हें विचारण्याची संवय मात्र सुटली.

आतां ज्या फ्रान्स देशांतून या भेटी येतात, त्या देशाची व आपल्या कापडाची कथा ऐका. फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनी १६६४ सालीं निघाली, १६६८ सालीं सुरतेस तिची वखार पडली, आणि पुढें पाँडिचेरी हें तिचें मुख्य ठाणें झालें. तिच्या गलबतांतून छापील व रंगीत हिंदी कापड फ्रान्सला जाऊं लागलें. तेथें त्याला "अँदिएन", म्हणजे हिंदुस्थानी, असेंच नांव पडलें. थोरामोठ्यांच्या अंगावर, पलंगावर आणि भिंतींवर हें कापड इतकें दिसूं लागलें, कीं तेथील रेशीम व लोंकर विणणारे घाबरले. शेवटीं १६८६ सालीं राजा चौदावा लुई याच्या सरकारनें अशा कापडाची आयात बंद केली, इतकेंच नव्हे, तर देशांत तसें छापण्यासहि मनाई केली. ही बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तर वर्षें, कायद्यांत राहिली. लोक मात्र चोरून आणीत व चोरून नेसत.

त्या कापडांत असें होतें काय? रंग पक्का होता. युरोपीय छापणारे कापडावर रंग चढवीत, आणि तो पहिल्या धुण्यांत उतरे. आपले रंगारी कापडाला आधीं हिरडा व म्हशीचें दूध यांत भिजवीत. मग जेथें तांबडा रंग हवा तेथें तुरटीचें पाणी लावीत. त्यानंतर कापड रंगाच्या मुळांबरोबर उकळीत. तुरटी जेथें लागलेली असेल तेथेंच रंग धरे आणि तो पुढें सुटत नसे. निळीच्या वेळीं जो भाग कोरा ठेवावयाचा त्यावर मेण देत. रंग कापडाला लावण्यापूर्वीं कापड रंगासाठीं तयार करावें लागतें, हें त्या विद्येचें मर्म होय. शिक्षकाच्या धंद्यांतल्या माणसाला हें मर्म निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

ही कृति फ्रेंचांना कोणीं कळविली? पूर्व किनाऱ्यावर राहणारे गास्तों-लोराँ केर्दू नांवाचे एक जेझुइट पाद्री होते. त्यांनीं आपल्या पंथांत आलेल्या रंगाऱ्यांकडून सर्व क्रिया विचारून घेतली आणि १७४२ सालीं एका पत्रांतून सविस्तर मायदेशीं लिहून पाठविली. संस्कृताच्या अभ्यासकांना याच गृहस्थांचें नांव दुसऱ्या एका कारणानें आदरणीय आहे. संस्कृत, लॅटिन व ग्रीक या भाषा एकमेकींच्या आप्त आहेत, असें त्यांनीं १७६७ च्या सुमारास पॅरिसच्या विद्वत्सभेला कळविलें होतें. सर विल्यम जोन्स यांचें प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतरचें, म्हणजे १७८६ चें आहे. एकाच माणसानें आपल्या देशाची भाषाहि निरखून पाहिली आणि कापडहि; दोहोंचें मूळ त्यानें विचारलें. परमुलखांत जाऊन काय पाहावें, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. त्याला ही विद्या सांगणाऱ्या रंगाऱ्यांचीं नांवें मात्र आज कोणाच्या ओठीं नाहींत.

बंदी उठतांच, १७६० सालीं, ओबेरकाम्फ नांवाच्या कारागिरानें व्हर्सायजवळच्या जुई गांवीं छापखाना काढला. तेथील कापडावर पुढें गुराखी, झाडें व पडक्या इमारती अशीं फ्रेंच धाटणीचीं चित्रें आलीं, आणि "जुईचें कापड" जगभर गाजलें. दक्षिणेकडे प्रोव्हान्स प्रांतांत मात्र बुट्ट्या आणि कोयऱ्या राहिल्या. आज त्या प्रांतांतून येणारे प्रवासी पिंवळे, निळे मेजपोस आणि पिशव्या मोठ्या हौसेनें फ्रेंच म्हणून आणतात. त्यांवरची कोयरी आपल्या आजीच्या शालीवर होती, हें ओळखणारा प्रवासी शंभरांत एखादा. हें कापड आणूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, आणावयाचें असेल तर तेंच आणावें. मात्र देतांना ही कथा सांगून द्यावें. मग त्या मेजपोसाची किंमत देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या, दोघांच्याहि मनांत वाढेल.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. मार्सेयचा साबण ही फ्रान्सची एक नामांकित वस्तु. १६८८ च्या राजाज्ञेनें त्यांत केवळ ऑलिव्हचें तेल वापरावें, प्राण्यांची चरबी घालूं नये, असें ठरविलें होतें. आपल्या घरांतून साबणाविषयीं जो सोंवळेपणा पाळला जातो, त्याला साजेसा हा नियम. परंतु आज त्या नांवाला कायद्याचें पुरेसें संरक्षण नाहीं. तें एका कृतीचें नांव समजलें जातें, आणि दूरदेशींचा साबणहि तें धारण करूं शकतो. म्हणून घटकांची यादी वाचावी. चरबी आढळली तर ठेवून द्यावा. वडीवर "७२ टक्के" हा जुना तैलांशाचा छाप असतो, तो पाहावा, परंतु केवळ छापावर विसंबूं नये. लॅव्हेंडरच्या पुरचुंड्यांतहि अस्सल लॅव्हेंडर निराळें आणि लॅव्हँडिन नांवाचें संकरित झाड निराळें. दुसऱ्याचें तेल अधिक निघतें, म्हणून तें स्वस्त. दुकानदाराला विचारल्यास तो सांगतो. न विचारणाऱ्याला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट कराची. युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशानें फ्रान्समधील एका दुकानांत शंभर युरोंहून अधिक खरेदी केली, तर करापैकीं कांहीं भाग परत मिळूं शकतो. त्यासाठीं दुकानांतच पारपत्र दाखवून कागद घ्यावा लागतो आणि संघाची हद्द सोडण्यापूर्वीं जकातीच्या ठिकाणीं त्यावर मान्यता घ्यावी लागते. सहल इटलींत संपणार असेल तर ती तेथें घ्यावी. यांत एक उपदेशहि दडलेला आहे: दहा दुकानांतून तीस क्षुल्लक वस्तु घेण्यापेक्षां एका दुकानांतून चार चांगल्या घ्याव्या.

पण तीस भेटी द्याव्या लागतात त्याचें काय, असें गृहिणी विचारतील. प्रश्न रास्त आहे. जाणाऱ्यानें दिलें नाहीं तर बोल लागतो, आणि तो बहुधा सुनेला लागतो. हा बोल थांबविणें घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. "आमच्यासाठीं कांहीं आणूं नका, आल्यावर बसून तेथील हकीकत सांगा," असें वडिलांनीं निघण्यापूर्वींच चार नातेवाइकांदेखत सांगावें. प्रवासांतला अर्धा दिवस वांचेल, आणि तेवढ्या वेळांत मुलांना एखादें चित्रसंग्रहालय पाहावयास मिळेल.

शेवटीं, परदेशीं राहणाऱ्या मुलांकडे किंवा त्यांच्या यजमानांकडे आपण काय नेतों, हेंहि तपासून पाहावें. ल्यों शहरच्या जाकारानें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली मागावरील युक्ति आज येवल्याच्या हातमागांवरहि कांहीं पैठण्यांसाठीं वापरतात. विद्या अशी इकडून तिकडे गेली आणि तिकडून इकडे आली, यांत कमीपणा नाहीं. परंतु यंत्रमागावरची नक्कल "पैठणी" म्हणून नेणें हें खोटें कूळ सांगणें झालें. खऱ्या पैठणीचा पदर उलटा करावा. हातानें विणलेली नक्षी मागूनहि पुढच्यासारखीच दिसते, तुटक्या धाग्यांचें जाळें नसतें. १९९९ च्या कायद्याखालीं पैठणी या नांवाला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण आहे. पण गिऱ्हाईक पदर उलटून पाहीत नसेल, तर तो कायदा विणकराचें पोट भरूं शकत नाहीं. पैठणी परवडत नसेल तर सावंतवाडीचें लांकडी फळ न्यावें. तें लहान असलें तरी खरें आहे.

मनोऱ्याचा तळ पाहणें आणि पैठणीचा पदर उलटणें या दोन निराळ्या संवयी नाहींत. ज्याला आपल्या विणकराचा हात ओळखतां येतो, त्याला मार्सेयच्या साबणवाल्याचाहि ओळखतां येईल. आणि ज्याला दोन्ही येत नाहींत, त्यानें कितीहि देश पाहिले तरी तो परत येतांना दुकानेंच पाहून आलेला असतो.