जनुकबदलित डुकरे आणि पाड्यावरचे पाणी

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर अतिसाराची भीती दाटून येते. गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि पहिला फटका बसतो तो लहान मुलांना. आतड्याच्या विकारांचा मागोवा घेण्यासाठी परदेशांतील प्रयोगशाळांत जनुकबदलित डुकरे वाढविली जात आहेत. या दोन टोकांचा परस्परसंबंध तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

उंदीर हा प्रयोगशाळेचा जुना सोबती. पण आतड्याच्या बाबतीत तो अनेकदा दिशाभूल करतो. एपीसी जनुकात बिघाड केलेल्या उंदराला गाठी येतात त्या प्रामुख्याने लहान आतड्यात, माणसाला मात्र मोठ्या आतड्यात. म्युनिकच्या संशोधकांनी 2012 मध्ये डुकरात हा बिघाड घडविला, तेव्हा गाठी माणसाप्रमाणेच मोठ्या आतड्यात उमटल्या. सीएफटीआर जनुक निकामी केलेली डुकरे 2008 मध्ये अमेरिकेत जन्मली. सिस्टिक फायब्रोसिसग्रस्त अर्भकांप्रमाणे त्यांचेही आतडे जन्मतःच तुंबलेले होते. डुक्कर सर्वभक्षी असल्याने त्याची पचनसंस्था माणसाच्या अधिक जवळची आहे.

पाड्यावरच्या बालकाशी या संशोधनाचा संबंध येतो तो लसीमुळे. पुणे जिल्ह्यातील वढूसह तीन केंद्रांवर चाचणी झालेली रोटाव्हॅक ही लस गंभीर रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण देते. श्रीमंत देशांत अशा तोंडावाटे द्यावयाच्या लसी अधिक प्रभावी ठरतात. अस्वच्छ परिसरामुळे आतड्याला सतत येणारी सूज हे त्यामागील एक कारण मानले जाते. ही सूज लसीला कशी अडविते, हे उलगडण्यास डुकराचे आतडे उपयोगी पडू शकेल.

तथापि, उत्तर येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आणले. त्यासाठी प्रगत प्रयोगशाळा लागली नव्हती. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यातूनच मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. संशोधन हवेच, पण शुद्ध पाणी, शौचालय, झिंकच्या गोळ्या आणि जलसंजीवनी यांना ते पर्याय ठरू शकत नाही. विज्ञानाची दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो शासनाच्या अग्रक्रमाचा.