मोठ्या रात्रीची वकिली

दिवाळी अंकात, म्हणजे भर दिव्यांच्या आराशीत, रात्रीची बाजू मांडायला उभे राहणे हा औचित्यभंग आहे, हे मला ठाऊक आहे. पण वकीलपत्र घेतलेच आहे, तर ते संकोच न धरता चालवले पाहिजे. माझी अशील म्हणजे डिसेंबरच्या 21-22 तारखेची रात्र. वर्षातली ही सर्वांत मोठी रात्र मुंबईच्या अक्षांशावर जवळजवळ 13 तासांची भरते. इराणात हिला ‘यल्दा’ म्हणतात आणि घरची मंडळी डाळिंबे खात, हाफिजच्या कविता वाचीत ती जागवतात. आमच्याकडे ती दाराशी येते आणि निघून जाते. तिला ‘बसा’ म्हणायलाही कोणी मोकळे नसते.

कोणी म्हणेल, आमची संक्रांत आहे की! आहे, पण ती 14-15 जानेवारीला. सूर्य उत्तरेकडे वळतो तो तिच्या तीन आठवडे आधीच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्याचा एक फेरा सुमारे 26,000 वर्षांनी पुरा होतो. म्हणून नक्षत्रांवर बेतलेली संक्रांत दर 70-72 वर्षांनी एकेक दिवस मागे पडत गेली. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकाच दिवशी घडत. मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली आणि 22 मार्च 1957 पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका पौषाचा आरंभ 22 डिसेंबरलाच करते. म्हणजे सरकारी कागदावर सूर्य वेळेवर वळतो. आमच्या तिळगुळाला मात्र उशीर होतो.

पण माझे भांडण तिथीशी नाही. माझे भांडण आहे ते पौषाला ‘भाकड महिना’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, म्हणून महिना भाकड! अहो, ज्या महिन्यात आहेर करावा लागत नाही, रुसलेल्या व्याह्यांची समजूत काढावी लागत नाही, त्याला अशुभ म्हणायचे, की वर्षाची हक्काची रजा म्हणायचे? मी तरी ती रजाच समजतो. धुंधुरमासात पहाटे उठण्याची रीत आहे खरी. पण उठायचे कशासाठी? तर सूर्य उगवताना सर्वांनी मिळून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी खाण्यासाठी. लवकर निजावे, लवकर उठून गरम जेवावे, उन्हाला पाठ देऊन बसावे आणि सरल्या वर्षाचा हिशेब मनाशी मांडावा, असा तो साधा बेत होता.

आज मात्र स्वस्थ बसलेला माणूस म्हणजे गुन्हेगार. 2023 साली एका नामवंत उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याचे 70 तास काम करण्याचा उपदेश केला. 2025 च्या आरंभी दुसऱ्यांनी तो आकडा 90 वर नेला. हा लिलाव आहे की काय? बोली चढवणारे निराळे आणि किंमत मोजणारे निराळे! त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे म्हणे. पण चूल पेटायची असली, की संमतीची सही कोण नाकारतो?

आणि हे कोठे? तर ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या विश्रांतीसाठी झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मिळवली, त्या मुंबईत! रविवार आकाशातून पडलेला नाही, वाचकहो. तो सभा भरवून आणि अर्ज करकरून मिळवलेला आहे. मिळवलेली वस्तू राखावी लागते.

विश्रांती हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे चोचले आहेत, असाही आक्षेप येईल. पौषात ज्वारी राखणीला येते, उसाचा हंगाम भरात असतो. बीडकडून आलेली कुटुंबे फडावर खोपीत राहून कोयते चालवतात आणि रात्री-बेरात्री गाड्या भरतात. त्यांना कसली मोठी रात्र? आक्षेप खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? त्यांना झोप नाही म्हणून कोणालाच नको, हा? की जी गोष्ट आपल्याला गोड लागते ती त्यांच्याही वाट्याला यावी, हा? विश्रांतीला चोचले म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्याच विश्रांतीविषयी बोलत असतो.

मी पेशाने शिक्षक, म्हणून मुलांविषयी एक शब्द. नाताळची सुटी आली, की जादा तास, शिबिरे आणि सराव परीक्षा दाराशी उभ्याच. आढ्याकडे बघत पडलेल्या मुलाला आपण ‘रिकामा’ म्हणतो. पण वाचलेले, ऐकलेले मुरायला वेळ लागतो. दुधाला विरजण लावल्यावर दर घटकेला ढवळून पाहिले, तर दही लागेल काय?

तेव्हा यंदा 21 डिसेंबरला कामावरून वेळेवर घरी या. पडदा बंद, हातातला फोन फडताळात. घरच्या बाईला शेगडीपासून सोडवा, नाहीतर सगळ्यांची विश्रांती आणि तिची रात्रपाळी, असे व्हायचे! आजीला बोलू द्या, मुलांना गप्प बसू द्या. दुसऱ्या दिवशी सूर्य आपल्या वेळेलाच उगवेल. त्याला उगवण्यासाठी आपल्या जागरणाची गरज आजवर कधी पडलेली नाही.