‘एम-वन’ची केटी : मुलगा कमी पडला की आपली तयारी?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांत एकच सवाल असतो. दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण होते, सीईटीत चांगलं पर्सेंटाइल आलं, मग ‘एम-वन’मध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-1 मध्ये, केटी कशी लागली? अब्बू म्हणतात, मोबाईलमुळे. खाला म्हणते, नजर लागली. मुलगा गप्प बसतो. काही मुलं तर निकालच घरी सांगत नाहीत. मुलगी असेल तर "झालं शिक्षण, आता पुरे" अशी भाषा सुरू होते. एका पेपरवरून एवढे मोठे निर्णय होतात, म्हणून या पेपरचा हिशेब आपण सगळ्यांनीच समजून घ्यायला हवा.

आधी गुणांचं बघू. मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या ‘सी’ स्कीममध्ये या विषयाला लेखी परीक्षेचे 80 आणि अंतर्गत चाचण्यांचे 20 असे 100 गुण होते. ट्युटोरियलच्या टर्मवर्कचे 25 वेगळे. उत्तीर्ण व्हायला 40 टक्के लागत, पण प्रत्येक भागात स्वतंत्रपणे. म्हणजे लेखीत किमान 32 आणि अंतर्गतमध्ये किमान 8. समजा एखाद्याला अंतर्गतमध्ये 20 पैकी 19 मिळाले आणि लेखीत 22. बेरीज होते 41. घरच्यांना वाटतं, चाळीसच्या वर आहेत, पास झाला. पण तो नापास आहे, कारण लेखीचे 32 झाले नाहीत. कॉलेजमधल्या चाचण्यांचे गुण बघून निर्धास्त राहिलेली मुलं नेमकी इथेच फसतात.

ग्रेडचंही तसंच. त्या स्कीममध्ये 80 आणि त्यापुढे ‘ओ’ ग्रेड, म्हणजे 10 पॉइंट. 40 ते 45 च्या आत ‘पी’ ग्रेड, म्हणजे फक्त 4 पॉइंट. हे पॉइंट विषयाच्या क्रेडिटने गुणले जातात आणि त्यातून सरासरी निघते. त्यामुळे "कसाबसा सुटला" म्हणून खूश झालो, तरी तो ‘पी’ सरासरी खाली ओढतोच. पुढे कॅम्पसमध्ये कंपन्या येतात तेव्हा अनेक जण आधी ही सरासरी आणि शिल्लक केटी बघतात.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार रचना बदलत आहे. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये सत्राच्या मध्यावर 30 आणि शेवटी 70 अशी विभागणी होती. ऑटोनॉमस कॉलेजांचे नियम आणखी वेगळे. म्हणून मोठ्या भावाच्या वेळचे नियम धाकट्याला सांगू नका. पहिल्याच आठवड्यात कॉलेजकडून मूल्यमापनाची योजना मागून घ्या आणि घरात सगळ्यांनी ती एकदा वाचा.

पण गुणांच्या हिशेबापेक्षा मोठी अडचण अपेक्षा बदलण्याची आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चार पर्यायांतून एक निवडायचा, चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. वर्ष-दोन वर्षं मुलगा याच सवयीत वाढतो. शॉर्टकट, पर्याय टाकून बघणं, अंदाज. कॉलेजच्या पेपरात बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात. डी मॉयव्हरचं प्रमेय असो, आंशिक विकलन असो की मॅट्रिक्सची रँक, उत्तर पायरी पायरीने लिहून दाखवावं लागतं आणि गुण त्या पायऱ्यांना असतात. शेवटी एखादं चिन्ह चुकलं तरी बरेचसे गुण मिळू शकतात. उलट नुसतं उत्तर बरोबर लिहिलं आणि मधली रीत नसली तर हाती फार काही लागत नाही.

भाषेचा मुद्दा आपल्या मुलांना जास्त जाचतो. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठी किंवा उर्दूतून घेता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतूनच असतो. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलाला गणित येत असतं, पण "सिद्ध करा", "पडताळा घ्या", "यावरून काढा" यांची इंग्रजी रूपं वेगाने वाचून नेमकं काय मागितलंय ते ओळखता येत नाही. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीत आलेल्या मुलाचे सुरुवातीचे तास आधीच होऊन गेलेले असतात.

कॉलेजांचीही जबाबदारी आहेच. चाचणीचे पेपर तपासून वेळेत परत न देणं, चूक कुठे झाली ते न सांगणं, ट्युटोरियलला फळ्यावरचं उतरवून घेणं आणि टर्मवर्कचे गुण वाटून टाकणं, यातून मुलाला खोटा दिलासा मिळतो. पालकांनी हे नम्रपणे पण ठामपणे विचारायला हवं. तो आपला हक्क आहे.

आणि समाज म्हणून आपण काय करतो? अल-ख्वारिज्मीने बीजगणिताचा पाया घातला हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. पण मोहल्ल्यातला एम-वनमध्ये अडकलेला मुलगा कोणाकडे जाणार, याचं उत्तर आपल्याकडे नसतं. दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार जरूर करा. त्याच हॉलमध्ये रविवारी दोन तास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी पहिल्या वर्षाच्या मुलांना बसवून जुने पेपर लिहून घेतले, तर खर्च जवळपास शून्य आहे. मुलींसाठी वेगळी बॅच ठेवता येईल.

ज्यांना केटी लागली आहे त्यांना आमचं सांगणं एवढंच : आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, गुण कुठे गेले ते बघा, मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. पण केटी मागे टाकत राहू नका. ‘सी’ स्कीममध्ये पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नव्हता. तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते आजच विचारा. आणि पालकहो, मुलाला निकाल लपवावासा वाटणार नाही, एवढा भरवसा त्याला घरात द्या. केटी पुढच्या परीक्षेत सुटते. घरचा भरवसा एकदा गेला की परत मिळवायला फार वेळ लागतो.